खाडा

त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं
तेव्हा पहाटेचे पावणेपाच झाले होते.
खिळा तेवढा राहू दिला.
पंचनाम्यात कलम अकरा :
‘एक दिनदर्शिका, चौकोनांत सांकेतिक नोंदी.’

दीड म्है. दीड म्है. ०. ०. तीन म्है.

कस्टडीत शकूला नऊ दिवस हेच विचारलं.
चौदा मार्चला शून्य का?
सोळाला एकदम तीन, ते तीन कोण?
ती म्हणाली, साहेब, तीन लिटर.
बायकांची मीटिंग होती, तीस जणींचा चहा.
त्यांनी पेन उघडलं :
तिसांची नावं सांग.

ती नावं तिला तोंडपाठ होती.
रे रोडपासून वडाळ्यापर्यंत
रात्रपाळीत झाडू मारून गेलेल्या,
आणि मुकादमानं मस्टरवर खाडा लावलेल्या बायका.
एकेक खोटा खाडा खोडायला लावायची शकू,
वॉर्ड ऑफिसच्या जिन्यात डबा उघडून बसायची.
एक नाव दिलं नाही तिनं.

घोडपदेवहून भायखळ्याचा तुरुंग
चालत वीस मिनिटं.
मला पोचायला अडीच महिने लागले,
पहिल्या मुलाखतीला.
काचेपलीकडून तिनं फोन उचलला
आणि आधी हेच :
मार्चचं दूध दिलंस का रे?

गेलो होतो ना राममिलनकडे.
कॅन खाली ठेवून हात झटकला त्यानं.
म्हणाला, हिशोब बाईंचा.
दर महिन्याला माझ्याशी भांडून
दोन खाडे जास्त लावतात.
त्या आल्याशिवाय कसले पैसे?

चौथं वर्ष लागलं.
आरोपपत्राच्या पान दोन हजार तीनशे सोळावर
आमचा मार्च आहे, मोठा करून छापलेला.
शून्यांभोवती लाल गोल.

त्याच खिळ्यावर नवं कॅलेंडर आहे.
एकट्याला अर्धा लिटर उरतं.
रोज सकाळी लिहितो, चष्मा लावून, सावकाश,
कुणाला काही विचारायला नको म्हणून पुरतं लिहितो :
‘म्हशीचे दूध, अर्धा लिटर, चहासाठी.’
एवढ्याशा चौकोनात ते मावत नाही.
‘चहासाठी’ उद्याच्या तारखेवर जातं.