माथ्याचा दर

फुटाला अकरा रुपये, छातीइतक्या उंचीपर्यंत.
छातीच्या वर गेली की सोळा.
घोडी लावावी लागली तर पोराची हजेरी वेगळी.
कचरा उचलणं धरूनच सांगतो,
मागाहून कटकट नको.

मे महिन्यातली तारीख देत नाही.
नागपूरच्या सत्तेचाळीसात मेंदी कापली
की आतली काडी भाजते,
मग गिऱ्हाईक म्हणते, मारून टाकली ना बापा!
जुलैत मात्र सगळ्यांचे फोन
एकाच सोमवारी.

त्रिमूर्तीनगरात एक कुंपण आहे, घरं दोन.
देवपुजारी साहेब त्यांच्या अंगाचे पैसे देतात,
लांजेवार साहेब त्यांच्या.
एकाला मंगळवार पाहिजे,
दुसऱ्याला मंगळवार सोडून कोणताही.
म्हटलं, अन् वरचा माथा?
हे म्हणाले, त्यांना विचार.
ते म्हणाले, त्यांनाच विचार.

तीन वर्षं झाली.
दोन्ही बाजू पाटीसारख्या सपाट
अन् माथा सुटलेला, माझ्याही डोक्याच्या वर.
वहीत त्याच्यापुढे दर नाही,
नुसती रेघ.

परवा लांजेवारबाईंनी फाटकापाशी थांबवलं.
हळूच म्हणाल्या,
नळाजवळ दोनच फूट उतरवून दे,
हनुवटीपर्यंत.
गुरुवारी ये, अकराला.
दोन्ही साहेब तेव्हा पेन्शनच्या बँकेत असतात,
वेगवेगळ्या रांगेत.

दोन फुटांचं काम मी घेत नाही.
तरी हिशेब केला, बत्तीस.
त्यांनी पदराची गाठ सोडली.
सोळा माझे, म्हणाल्या,
सोळा तिच्याकडून घे.