इतिवृत्त

सभा चारची होती, साडेचारला सुरू झाली.
मी कोपऱ्यात, पंख्याच्या वाऱ्यात कागद दाबून.
बोलायचं लोकांनी,
शुद्ध भाषेत आणायचं मी.

भिंतीवर नकाशा, पणजीहून आलेला,
चार चिकटपट्ट्यांवर लटकलेलं अख्खं म्हापसा:
पिवळं म्हणजे वस्ती, हिरवं म्हणजे बागायत,
करडं म्हणजे रस्ते आणि वाहनतळ.
सल्लागार तरुण होता, सभ्य होता,
हातातल्या लेझरचा लाल ठिपका फिरवायचा,
आणि ठिपका थांबेल तिथले लोक
जरा सावरून बसायचे.

फटू मांद्रेकर उठले.
रस्ता आठ मीटर दाखवलाय, म्हणाले,
मी काल छत्रीनं मोजला.
सहा छत्र्या आणि वर एक मूठ,
त्यातली एक छत्री गटाराची.
लोक हसले, ते हसले नाहीत.
मी लिहिलं: रुंदीबाबत तफावत निदर्शनास आणून देण्यात आली.

डोंगराच्या उतरणीवर पिवळा रंग वाढलाय.
तिथं आधीच एकशे चाळीस सदनिका उभ्या,
आणि खालच्या वाड्यावरची पोरं रात्री पैज लावतात,
आज किती खिडक्या पेटणार.
सात, कोणी म्हणालं. नाताळात वीस.
आणि आमच्या मुलाला लग्न करून राहायला खोली नाही,
हे कोणीतरी मागून, उभं न राहता.
मी लिहिलं: गृहनिर्माणाच्या गरजेवर चर्चा झाली.

सुविधा च्यारी, इस्पितळात परिचारिका.
माझी पाळी आठला सुटते,
अस्नोड्याची शेवटची बस साडेसातला.
एवढंच बोलली.
सल्लागार म्हणाला, मुद्दा चांगला आहे,
पण आजचा विषय वाहनतळ.
ती बसली. आज सुट्टी होती तिची.
सव्वासातला घड्याळाकडे बघून
पिशवी उचलली आणि निघाली.
मी लिहिलं: नोंद घेतली.

पिएदाद सगळ्यांत शेवटी आली,
पाटी बाहेर पायरीवर ठेवून.
माइक घेतला नाही, सरळ नकाशापाशी गेली.
"ह्यांत हांव खंय?"
ठिपक्यानं दाखवलं: पी-तीन, दोनशे दहा गाड्या.
तिनं ठिपक्यावरच अंगठा ठेवला,
चिंच आणि खुरीस यांच्या मधोमध,
जिथं ती एकतीस वर्षं बसते.
मग माझा रंग कुठला, विचारलं,
आणि उत्तर येईपर्यंत अंगठा काढला नाही.
बराच वेळ काढला नाही.
मी लिहिलं: एका महिलेने रंगांबाबत विचारणा केली. खुलासा करण्यात आला.

खुलासा करण्यात आला नव्हता.

सभागृह रिकामं झाल्यावर नकाशा उतरवला.
गुंडाळताना ट्यूबलाइटसमोर धरला तर
पी-तीनमधून उजेड येत होता.
बांगड्याचं तेल कागदात मुरलेलं,
चार आण्यांएवढी खिडकी.
मी फडक्यानं पुसली, ती रुपयाएवढी झाली.

हरकती सत्तेचाळीस, सूचना बारा,
नकाशाची छायाप्रत, सोबत जोडून पाठवलं.
महिन्यानं वरून पत्र आलं.
तफावतीबद्दल काही नाही,
खिडक्यांबद्दल नाही, बसबद्दल नाही.
"पी-तीन येथील काळसर खूण सूचीत आढळत नाही.
सदर खूण कशाची, याचा खुलासा
सात दिवसांत सादर करावा."

आज सहावा दिवस.
विषय लिहिलाय, संदर्भ लिहिलाय,
महोदय लिहून स्वल्पविराम दिलाय.
बावीस वर्षांत मला कधी शब्द अडला नव्हता.

शुक्रवार आहे. बाजार भरलाय.
खिडकीतून तिचा आवाज वर येतोय:
शंभराला सहा, शंभराला सहा,
घे रे, सात घे.