मऊ भात

लोकमान्य नगरात सकाळी सव्वासातला
कचरागाडी गाणं वाजवत येते
आणि सगळी गल्ली डबे घेऊन दारात उभी राहते.
ओला वेगळा, सुका वेगळा,
काचा-सुया वेगळ्या.
इंदूरला वर्गवारीची शिस्त आहे.

त्या दिवशी हेमांगीवहिनी डबे घेऊन आली
तेव्हा तिच्या दोन्ही डोळ्यांखाली
वांग्याच्या सालीसारखं काळंनिळं
आणि नाकावर पांढरी पट्टी.

कुणी काही विचारलं नाही.
मुजुमदारकाकूंनी नजर डब्यात घातली.
दुपारी त्यांच्याकडून मऊ भात आला, वर तूप,
संध्याकाळी टिल्लूंकडून मुगाचं कढण.
रात्री जिन्यात कुणीतरी माझ्या खांद्यावर हात ठेवला,
‘पुरुषाचा हात उठतो कधी कधी. सांभाळून घ्या.’

माझा दादा!
डास मारला तरी दोनदा हात धुणारा.

किती मायेनं गप्प होते सगळे.
मार खाल्लेल्या बाईसाठी
आपल्याकडे मऊ भात तयारच असतो.

तिसऱ्या दिवशी गाडीवरच्या पोरानं विचारलं,
‘आंटी, ये पट्टी किस डब्बे में?’
वहिनीनं रक्ताळल्या बोळ्यांची पुडी त्याच्या हातात दिली
आणि गाण्याच्या वर आवाज चढवून म्हणाली, मराठीत,
म्हणजे त्याच्यासाठी नव्हतंच ते:
‘ह्यांनी नाही मारलं.
मी नाक कमी करून घेतलंय.
वीज मंडळातल्या माझ्या पगारातून. आरडी मोडून.’

त्या दुपारी भात आला नाही.

आलं ते असं:
आता? सत्तेचाळिसाव्या वर्षी? कुणाला दाखवायचंय?
मुलीच्या लग्नाचं बघायचं सोडून.
देवानं दिलेलं ते.
आणि काय वाईट होतं गं?
चांगलं तरतरीत होतं की!

तरतरीत.
याच नाकावरून अकरा स्थळं
पोहे संपवून, बशा खाली ठेवून परत गेली होती.
बारावे आम्ही.
मी सोळा वर्षांची, अंतरपाटाच्या अलीकडे,
हातात अक्षता,
मैत्रिणीच्या कानात म्हणाले होते: पोपट.

अंतरपाट शेवटी कापडाचाच.
पलीकडे ऐकू गेलं होतं तिला.
हे तिनं मला सांगितलं चोवीस वर्षांनी,
पलासियाच्या दवाखान्यात, हिरवा गाऊन घालून,
मी फॉर्मवर ‘नातं: नणंद’ लिहीत असताना.
रागानं नाही.
वेळ जात नव्हता म्हणून.

मी केस रंगवते. ओठावरची लव काढते.
शाळेत असताना दोन वर्षं तारा लावून
दात ओळीत आणले माझे आईनं, गल्लीभर सांगून.
त्याला नीटनेटकं म्हणतात.
नखरा नेमका कितव्या टाक्यापासून सुरू होतो
ते मला अजून कळलेलं नाही.

आणि तरी मीसुद्धा विचारलंच तिला, कुणासाठी?
ती म्हणाली,
‘कुणासाठी असतं तर तेव्हाच केलं असतं.’

आता सूज उतरली आहे.
दादाला जिन्यात पुन्हा नमस्कार मिळतो.
खरं सांगते, बोलता बोलता
मी अजून तिच्या चेहऱ्यात ते जुनं नाक शोधते
आणि ती मला शोधताना पकडते.

फक्त एक झालंय, चष्मा घसरतो.
इतकी वर्षं त्या उंचवट्यावर टेकून होता,
आता बिलं तपासताना पार ओठापर्यंत येतो,
ती बोटानं वर सारते,
पुन्हा येतो.

काल राजवाड्यामागच्या चष्मेवाल्यानं
काड्या आवळून दिल्या, वाकून पाहिलं,
परत आवळल्या.
‘क्या करें मैडम, नाक ही ऐसी है आपकी.’

वहिनी आरशात बघत होती.
‘हां भैया,’ म्हणाली, ‘मेरी ही है.’

मग दहा रुपयांवरून
त्याच्याशी घासाघीस केली तिनं, बराच वेळ.