पळीभर पाणी

टाकीत पळी तिरकी घालायची.
सावली पडली की अळ्या तळाला जातात,
हे केणी मुकादमांनी पहिल्याच दिवशी शिकवलं,
एकोणीस वर्षांपूर्वी, वरळीच्या एका गच्चीवर.
क्युलेक्सची अळी डोकं खाली करून लटकते,
अ‍ॅनॉफिलीसची पडून राहते पाण्याला समांतर,
दुपारी सतरंजीवर कलंडलेल्या माणसासारखी.
एवढंच ज्ञान. बाकी सगळं शिडी.

आणि शिडी नसते.
टाकीला झाकण हवं, झाकणापर्यंत शिडी हवी, असा नियम आहे.
झाकणाला कुलूप, किल्ली सेक्रेटरीकडे,
सेक्रेटरी लोणावळ्याला.
बाविसाव्या मजल्यावरच्या बाई दारातूनच सांगतात,
आमच्याकडे डास नाहीत, आम्ही फार वर राहतो.
त्यांच्या मनीप्लांटखालच्या ताटलीत
मी पळी घालत नाही, ती मावत नाही.
चमचा मागतो.

खात्यात भिंतीवर वॉर्डचा नकाशा आहे.
लाल टाचणी म्हणजे पॉझिटिव्ह.
आधी टाचण्या चाळींच्या पिंपांभोवती असत.
मग गिरण्यांची धुराडी पडली, पायाचे खड्डे पडले,
टाचण्या उठून तिकडे गेल्या,
लग्नाच्या पंगतीत जागा धरायला जावं तशा.
जानेवारीत त्या पूर्वी काढून डबीत ठेवायचो.
हल्ली डबी रिकामीच असते.

स्लॅबला चौदा दिवस पाणी पाजतात.
अळीला पंख फुटायला दहा पुरतात.

आठव्या मजल्यावर सोमरा उरांव भेटला,
गुमल्याचा, डाव्या भुवईवर व्रण,
उन्हात कांबळं पांघरून बसलेला.
लिफ्टच्या खड्ड्यात एका पळीत सात अळ्या.
त्याच्या बोटातून एक थेंब.
लॅबमधल्या डिमेलोबाईंनी काच जांभळी केली,
म्हणाल्या, बघ, पेशीत अंगठी घालून बसलाय.
व्हायवॅक्स.

ताप उतरवायच्या गोळ्या वेगळ्या.
आणखी चौदा होत्या, रोज एक,
त्या यकृतात दडलेल्यासाठी.
तो पोटभाडेकरू असतो, आवाज नाही, पावती नाही,
सहा महिन्यांनी दार उघडून विचारतो, पाणी आलं का?
मी सोमराला हे समजावलं.
त्याने मान हलवली, जशी मुकादमासमोर हलवतात.

तिसऱ्या दिवशी ताप गेला.
चौथ्या दिवशी सोमरा गेला.
पनवेलला मोठं काम निघालंय, रोजाला पन्नास जास्त.
पत्र्याच्या खोलीत चुन्याची डबी सापडली,
आत अकरा गोळ्या, नीट कागदात.
फेकल्या नव्हत्या. ठेवल्या होत्या.
ताप आला तर असाव्यात म्हणून, की विसरून,
कोण जाणे.

डास फार लांब जात नाही.
ह्या टाकीवरून त्या खिडकीत,
फार तर रस्ता ओलांडेल.
खाडीपूल त्याच्या पंखांत नाही.
पूल ओलांडला तो टेम्पोने,
सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांवर,
झोपलेल्या माणसाच्या आत.

फॉर्मवर एक रकाना आहे: प्रसाराचे कारण.
साहेब म्हणतात, लिही, स्थलांतरित मजूर.
सगळेच लिहितात, रकानाही तेवढाच आहे.
मी पेन धरून बसलो.
पन्नास रुपये, लिहिलं, मग खोडलं.
शेवटी लिहिलं: शिडी नव्हती.
साहेबांनी फॉर्म परत पाठवला.

पनवेलला माझ्यासारखाच एक आहे, गावंड नावाचा.
त्याला फोन लावला.
सोमरा उरांव, म्हटलं, भुवईवर व्रण,
अकरा गोळ्या बाकी आहेत, माझ्याकडे आहेत.
पलीकडे पाण्याच्या पंपाचा आवाज.
गावंड ओरडून म्हणाला, अरे, इथे सोळाशे माणूस आहे,
सगळ्यांची हेल्मेटं भुवईपर्यंत आलेली,
आणि स्लॅब आजच भरलाय.