तीन नंबरचा पंप

आडनाव मुकादम.
तरी मुकादम व्हायला एकोणीस वर्षं गेली,
मॅनेजर व्हायला आणखी तीन.
सोहारच्या या प्लांटवर समुद्र खारट आत शिरतो
आणि तासाभरात गोडा होऊन निघतो.

त्याच रविवारी रय्या आली.
वय पंचवीस, ग्रॅज्युएट प्रोग्रॅम,
दीड वर्षात सहा डिपार्टमेंटं फिरून थेट मॅनेजर.
एक खोली, दोन टेबलं.
तिच्या टेबलावर दोन स्क्रीन,
माझ्या टेबलावर माझे हात,
कुठे ठेवायचे ते न कळून ठेवलेले.

पोरं म्हणाली, चाचा,
हिला पंपाचं तोंड कुठलं तेही ठाऊक नसेल.
मी हसलो. आमच्यातलं ते शेवटचं हसू.
आता साहेब म्हणतात,
मी कँपात शिरलो की पत्ते उशीखाली जातात.

तीन नंबरचा पंप कण्हत होता.
बेअरिंग. मी ऐकलं होतं,
ताप आलेल्या पोराच्या पाठीवर ठेवावा
तसा हात ठेवून पाहिला होता,
आणि कुणाला सांगितलं नाही.

का, ते सांगतो.
ज्याच्याकडे कागद नाही
त्याची इस्टेट एवढीच, आधी कळणं.
ती मी राखून ठेवली होती,
एखाद्या मीटिंगमध्ये,
चहा येता येता, सगळ्यांदेखत काढायला.

बाराव्या दिवशी तिनेच खुर्ची वळवली.
स्क्रीनवर एक रेघ चढत चालली होती.
बोट ठेवून मोडक्या हिंदीत म्हणाली,
इथून सुरू झालं, अकरा दिवस झाले.
नवीन आहे, चुकत असेन, म्हणून गप्प बसले.
तुम्हाला काही जाणवलं नाही?

एसी घरघरत राहिला.
जाणवलं, म्हणालो.
कधी?
दोनतीन सोयीच्या तारखा जिभेवर होत्या.
अकरा दिवस, म्हणालो.

ती रागावली नाही, ते जास्त लागलं.
हेल्मेट उचललं, चालू पडली.
पंपाशी पोचल्यावर हातमोजा काढून
तळवा टेकवला, झटकन उचलला.
गरम आहे.
गरम तर चारही आहेत, थांब जरा,
गरमच्या खाली काय चाललंय ते बघ.
तिने पुन्हा टेकवला. डोळे मिटले.
बराच वेळ.

शटडाउनच्या फॉर्मवर सह्या दोघांच्या लागतात.
तिने सगळं भरलं, नीट, गोलगोल अक्षरात,
आणि पेन माझ्याकडे सरकवलं
एकच रकाना मोकळा सोडून:
बिघाड प्रथम लक्षात आल्याची तारीख.