खुलासा : यंत्र क्रमांक तीन

परिपत्रक आलं रात्री पावणेदहाला,
माझ्या फोनवर, माझ्या दोनशे एकोणचाळीसच्या पॅकवर,
हातात लाखोळीच्या डाळीचा डबा असताना.
'कार्यालयीन संगणकावर खाजगी इंटरनेट वापरू नये.
वाचून पोच द्यावी.'
ओल्या अंगठ्यानं अंगठा दाबला.
ग्रुपवर एकूण सदतीस अंगठे.
घरच्या फोनवर सरकारी काम करू नये
असं परिपत्रक अजून निघायचं आहे.

मग जिल्ह्याहून एक पोरगा आला, मिशी न फुटलेला.
माशाच्या पोटातून न फोडता गाभोळी काढावी
तसं त्यानं यंत्रातून चार महिन्यांचं सगळं बाहेर काढलं.
नऊ पानं. शेवटी रकाना : शासकीय / खाजगी.
'मॅडम, फक्त खूण करा. तीन दिवसांत खुलासा.'

करते खूण.

'दहावीचा निकाल' — शिपाई नेवारे यांची पोर.
त्या दिवशी अख्खं कार्यालय माझ्या पाठीशी उभं होतं,
साहेबसुद्धा. बासष्ट टक्क्यांचे पेढे त्यांनी दोन घेतले.
खाजगी.

'ळ कसा टाइप करावा' —
शासकीय असावं. नक्की सांगता येत नाही.

'पायाला मुंग्या येणे कारणे' — खाजगी. पाय माझा.
खुर्ची मात्र जडवस्तू संग्रह नोंदवहीत
अनुक्रमांक चौदावर आहे.

'कोसा साडी किंमत' — खाजगी. फक्त पाहिली.

आणि हे. मंगळवार, दुपारी दोन बावीस, सव्वीस मिनिटं :
नकाशा. वरून काढलेला फोटो.
सगळा निळा-काळा. पाणी.

तो बाजाराचा दिवस. बाहेर सेहेचाळीस.
म्हातारी माणसं काम नसतानाही मशीनच्या खोलीत बसतात,
कारण कूलर तिथेच आहे.
तो माणसांसाठी नाही, यंत्र तापू नये म्हणून आहे,
तसा स्वतंत्र आदेश आहे.
डोमाजी वलथरे भिंतीला टेकून म्हणाले,
'बाई, याच्यात माहं गाव दिसते का जी?
सालेटोला. जुनं. नवीन नोको,
नवीन त मी रोजच पायतो.'

मी मोठं केलं, आणखी मोठं केलं,
गोल चक्र फिरत राहिलं, टेबलाखाली यूपीएस पिंपिं करत होता.
त्यांनी काचेवर बोट ठेवलं.
'इथी चिंच. इथून नाल्याकडे वाट जाये.
हे माहं घर… नाही, थांब, हे गोविंदाचं.
माहं याच्या मांगं.'
बोट पाण्यावरून सरकत गेलं,
कुठंच अडलं नाही.
काचेवर उठलेला डाग
मी दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्यानं पुसला.

शासकीय / खाजगी.
बुडवलं ते शासकीय. त्याचा आदेश, क्रमांक, दिनांक,
आमच्याच कपाटात आहे, वरच्या खणात.
पाहावंसं वाटलं, ते?
पेन दोनदा टेकवलं. उचललं.
त्या ओळीपुढं रकाना कोरा आहे, कृपया नोंद घ्यावी.

खुलासा छापायला शाई नव्हती.
मार्चपासून मागणी केलेली आहे.
बसस्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून काढून आणला.
वीस रुपये, माझे.

पुढच्या मंगळवारी डोमाजी परत आले.
परिपत्रक तोवर दाराला लागलं होतं,
नेवारेनं चारही कोपऱ्यांना खळ लावून.
मी माझा फोन पुढं केला.
त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, मग हात लांब करून धरला.
'लय बारीक झालं न बाई गाव,' म्हणाले,
आणि मोठ्या पडद्याकडे पाहिलं.
त्यावर झाकण. फुलाफुलांच्या कापडाचं, मीच शिवलेलं.

झाकण मी काढलं नाही.
उठले, आणि कूलरचं तोंड
यंत्रावरून त्यांच्याकडे वळवलं.