किल्ली

दार आपोआप लागतं इथे.
कचरा टाकायला खाली गेले, नुसत्या मोज्यांवर,
आणि किल्ली आत, टेबलावर,
अर्धवट गृहपाठाशेजारी.

टॉर्बन दहाला येणार. आत्ता सहा.
लाइपझिगचा नोव्हेंबर जिन्यातही शिरलेला.

दुसऱ्या मजल्यावर फ्राउ क्नोब्लोख.
"माझी किल्ली," मी त्यांच्या भाषेत म्हणाले,
"ती आत राहिली."
"तो," त्या म्हणाल्या, "किल्ली म्हणजे तो."
मग, जरा थांबून, "सूप?"

बटाट्याचं. वर किसलेलं जायफळ.
मी एकेक उचलून विचारत गेले:
काटा? ती. सुरी? ते.
चमचा मात्र तो,
आमच्यासारखाच.
केवढं बरं वाटलं.
दाराशी रिकाम्या बाटल्या
सोमवारची वाट बघत उभ्या;
रविवारी काच फोडायची नसते,
शेजाऱ्यांची झोपमोड होते.

मध्येच लेकीचा फोन आला त्यांच्या.
माझ्याकडे बघत बोलत राहिल्या हळू आवाजात.
मुलगी त्यांच्यात 'ते'.
वर्गात हसले होते मी या नियमाला.
आता कानावर पडलं तसंच घेतलं:
वरच्या मजल्यावरचं पोर आहे गं,
गारठलंय,
जेवतंय.

टॉर्बन साडेअकराला आला.